जरा जास्तच मुरलेलं

“पुन्हा लगदा!” टाकोवाल्याने घास कसाबसा गिळला आणि ताटली पुढे ढकलली. “अगं, हे मांस आहे की खिमट?”

बायकोने हातातलं शिवण खाली ठेवलं. “चुकलंच माझं. अननसाचा रस घालून ठेवला आणि विसरले.”

“तासाभरात काढायचं म्हणजे काढायचं! अननस मांस खातो. रात्रभर ठेवलंस तर काय उरणार?”

“लगदा,” ती शहाण्या विद्यार्थिनीसारखी म्हणाली.

त्याला हसू आलं, पण हसलं की घसा दुखायचा. घशात काय वाढतंय ते डॉक्टरांनी त्याला एकट्याला बसवून सांगितलं होतं. घरी त्याने ‘आवाज बसलाय’ एवढ्यावरच भागवलं. बोटात सुई गेली तरी पांढरीफटक पडणारी बाई. तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून त्याने टाकोची गाडी झाकून ठेवली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तिला धडे द्यायला घेतले. तो गेल्यावर गाडी तिलाच चालवायची होती. पोटी मूल नव्हतं, आणि शिवणकामाला तिची नजर आता पुरत नव्हती.

बाकी सगळं ती चटकन शिकली. सुक्या मिरच्या भिजवून लसूण-व्हिनेगरबरोबर वाटणं जमलं. मांसाचे काप तर ती कापड बेतल्यासारखे पातळ काढायची. तापलेल्या जाळीवर ते दाबून कडा करपवायलाही शिकली. फक्त अननसाशी गाठ पडली की पालथ्या घड्यावर पाणी. त्यातही ती दोन-दोन भांड्यांत मुरवायची. चूक करायची तर सढळ हातानं!

वर मांस गुंडाळायची मक्याची पातळ पोळी, टॉर्टिया, तीही रश्शात बुडवून द्यायची. “कोरडी लागते हो.”

“टाको आहे तो! चहातलं बिस्किट नव्हे.”

कुरकुरत का होईना, तो खायचा. दिवसभरात तेवढंच पोटात जायचं. भुकेला कोंडा गोड, असं तो मनाशी म्हणायचा आणि पुन्हा तिच्यावर चिडायचा.

“तुला येणार तरी कधी? उद्या मी नसलो तर?”

“कुठे निघालात?” सुईत दोरा ओवता ओवता तिने विचारलं.

“कुठे जाणार? आपलं एक बोललो.” त्याचे डोळे भरून आले. मिरचीचा ठसका लागल्याचं सांगून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. हिला असं अर्धवट शिकवून सोडून कसं जायचं?

शेवटी रविवारी त्याने धाकट्या भावाला परीक्षक म्हणून जेवायला बोलावलं. भाऊ बस चालवायचा आणि खाण्याच्या बाबतीत कुणाचीही भीड ठेवायचा नाही.

“तोंडदेखलं बोलायचं नाही हं,” टाकोवाल्याने बजावलं.

बायकोने दोघांपुढे ताटल्या ठेवल्या. टाकोवाल्याने घास घेतला. तोच लगदा. त्याने कपाळाला हात लावला.

भाऊ मात्र डोळे मिटून खात होता. “दादा, गाडी उद्याच उघडायला सांग वहिनीला. हुबेहूब तुझ्या हातचं!”

टाकोवाल्याला भडभडून आलं. सख्खा भाऊसुद्धा दया करायला लागला होता. मग लोक काय करणार? चार दिवस कीव करून खातील आणि पाचव्या दिवशी दुसऱ्या गाडीवर जातील.

“खोटं बोलू नकोस रे,” असं म्हणत त्याने भावाच्याच ताटलीतला एक तुकडा उचलून तोंडात टाकला.

कडा खरपूस. आत रसाळ, तरी दाताला लागणारं. अननसाची नुसती चव. उभा जन्म तो हेच विकत आला होता. आनंदानं त्याने बायकोकडे पाहिलं, आणि तेवढ्यात तो तुकडा घशात अडकला. त्याला जोराची ढास लागली. भाऊ गडबडून उठला. बायको पाणी घेऊन धावली, त्याची पाठ चोळत राहिली.

ढास थांबल्यावर तिने भावाची ताटली हळूच पलीकडे सरकवली आणि नवऱ्याची त्याच्यापुढे ओढली.

“ते भावजींचं आहे हो,” ती त्याचं तोंड पुसत म्हणाली. “तुमचं मी रात्रभर वेगळं मुरवते. गिळवतंय तोवर असंच मऊ करून द्या, म्हणालेत डॉक्टर.”