बोडक्या मानेची कोंबडी

"ही मी कापणार नाही," म्हणत शोखेतने हातातली कोंबडी खाली सोडून दिली. यहुदी धर्माच्या रीतीने कोंबड्या कापणारा माणूस तो. तोच नाही म्हणाला म्हणजे कारभार आटोपला. अंगणातल्या सगळ्या नजरा पनीनाबाईंकडे वळल्या.

वळणारच! सत्तर सालच्या वसंतात इस्रायलमधल्या बेर्शेबाजवळच्या त्या मोशावात, म्हणजे सहकारी शेतवस्तीत, सरकारी फार्मवरून ही पिल्लं आली, तेव्हा मानेवर पिसाचा पत्ता नाही म्हणून लोक नाकं मुरडत होते. मोरोक्कोवाला शेजारी म्हणाला, रोगट आहेत. इराकची डिना म्हणाली, गिधाडाची अवलाद दिसते. तेव्हा कोकणातून आलेल्या पनीनाबाईंनीच ठणकावलं होतं, "डोळे आहेत की बटणं गं? ही तर आमच्या रोह्याकडची बोडक्या मानेची कोंबडी. बिनघोर घ्या!" त्यांच्या शब्दावर घरोघरी पिल्लं गेली. नेगेव वाळवंटाच्या उन्हात पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या पटापट मेल्या, आणि या बोडक्या खुशाल दाणे टिपत राहिल्या. बाई महिनाभर तोऱ्यात होत्या.

आणि आता हे. शोखेतला शंका आली होती, यात भलत्याच, निषिद्ध पक्ष्याची भेसळ असली तर? कोशेर, म्हणजे धर्माला चालणारी, नाही ठरली तर सगळ्यांची मेहनत पाण्यात.

"तुला कुणी सांगितलं होतं पुढे पुढे करायला?" नवरा अव्राहाम मराठीत पुटपुटला.

"तुम्ही गप बसा हो. मी ओळखते म्हणजे ओळखते."

शेवटी शहरातून धर्मगुरू, रब्बी, आले. म्हातारे, शांत गृहस्थ. त्यांनी कोंबडी उचलली. तुरा पाहिला, पंजा पाहिला, गळ्याखालची पोटळी चाचपली.

"कोंबडीच दिसते," ते म्हणाले. "पण नुसतं दिसून भागत नाही. पक्ष्याला परंपरा लागते. यहुदी लोक ही पिढ्यान्‌पिढ्या खात आलेत, असं सांगणारं कुणी आहे?"

"मी आहे!" पनीनाबाई पदर खोचून पुढे झाल्या. मोडक्यातोडक्या हिब्रूत, पण आवाज खणखणीत. "माझी आजी मलकाबाई अंगणात हीच पाळायची. प्रार्थना म्हणणारा आमचा हजानच येऊन कापायचा. शब्बाथच्या पवित्र दिवशी नारळाच्या रश्श्यात आम्ही हीच खाल्ली. आजीच्या आईनेही हीच शिजवली."

रब्बींनी मान डोलावली. इथे बाई थांबल्या असत्या तर काम झालंच होतं. अव्राहामने डोळे वटारून पाहिलं. पण थांबतील त्या पनीनाबाई कसल्या!

"पण रब्बी, माझ्या आजीचं तुम्हाला चालेल का? बासष्ट साली आमच्या रिव्काच्या लग्नाची नोंद करताना, आम्ही भारतातून आलेले म्हणून, तुमच्याच कचेरीने ही आजी यहुदी होती याचा पुरावा मागितला होता. माझी पोर मेंदीच्या हातांनी रडत घरी आली."

 डिनाने तोंडावर हात ठेवला. पनीनाबाईंचे डोळे भरले होते, पण त्यांनी नजर काही खाली केली नाही.  रब्बी शोखेतकडे वळले आणि कोंबडी त्याच्या हातात दिली.

"काप," ते म्हणाले. "यांच्या आजी खात होत्या ना? मग सगळ्या इस्रायलला चालेल."