सिनेमाआधीची सुमंगला

माझी बायको सुमंगला गेली, तिचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं आहे, आणि मी थिएटरं फिरतो म्हणून घरात रोज कटकट होते. "बाबा, आईचं वर्ष तरी होऊ दे. लोक आमच्या तोंडात शेण घालतात," मुलगा सुदेश म्हणतो. मी सिनेमा बघतच नाही, हे त्याला पटत नाही.

सिनेमाच्या आधी एक जाहिरात लागते. गेल्या वर्षी काढलेली. तिच्यात सुमंगला आहे. घरात तिचे फोटो पुष्कळ आहेत, पण आवाज तेवढा त्या जाहिरातीतच उरला आहे. आमच्या डिचोलीत ती दाखवायची बंद झाली, तेव्हा मी साखळीला जाऊ लागलो. तिथेही बंद झाली, आता म्हापशाला जातो. जाहिरात संपली की उठतो.

काल दारावरच्या माणसाने हसून विचारलं, "काका, पिक्चर आतां सुरू जातलें, तुमी खंय चल्ले?"

"माझं काम झालं," मी म्हटलं.



जाहिरातीत सुमंगला हॉस्पिटलच्या खाटेवर बसून हसत सांगते, "इथल्या डॉक्टरांमुळे मी ठणठणीत बरी झाले."