तेल ठरेना

न्हाऊमाखू घालायला येणाऱ्या हौसाक्कांनी बाळाची टाळू भरली, पण तेल तिथे ठरेना, कपाळावर घरंगळलं. बाळ मांडीवर उभं धरलं, तरी टाळू डफासारखी ताठच.

"डोकं बघा केवढं! आज्यासारखा वकील होणार," बाळाची आजी हसली.

हौसाक्कांचा हात थिजला. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या तान्ह्या शेवंतीची टाळू अशीच फुगली होती. तेव्हाही घर असंच हसलं होतं, त्याही हसल्या होत्या. तेव्हापासून प्रत्येक बाळाच्या टाळूशी तो हात शेवंतीलाच चाचपायचा.

"माई, डोक्यात पाणी दाटलंय. आजच दवाखान्यात न्या."

"अभद्र बोलू नका, अक्का!"

"तेव्हा बोलले नाही, म्हणून माझी गेली."

बाळाच्या आईनं बाळ दुपट्यात गुंडाळलं.

डॉक्टरांनी डोक्यातलं पाणी पोटात उतरवणारी बारीक नळी बसवली. टाके सुकले, महिना उलटला. हौसाक्कांनी पुन्हा तेल घातलं. टाळूच्या खळगीत ते इवल्या तळ्यासारखं थांबलं, ठोक्याठोक्याला थरथरलं.

"नीज आता, शेवंते," हौसाक्का पुटपुटल्या. मांडीवरचं बाळ मात्र टक्क जागं होतं.