पहिला मान

"डिस्कच्या छोट्या कप्प्याला हात लावायचा नाही, कॉम्प्युटर तिथूनच जागा होतो," आमचे हे सांगायचे. गेल्या वर्षी ते गेले. काल पौर्णिमेची आवराआवर करताना कॉम्प्युटरही आवरायला घेतला आणि मी त्यांच्या आवाजातल्या बुद्धवंदनेचा मोठा कप्पा 'अॅक्टिव्ह' केला. पहिला मान त्यांचा, एवढंच मनात. सकाळी कॉम्प्युटर उठेचना. आज मुरुडला अंथरुणावरच्या नणंदेला भावाचा आवाज ऐकवायचा शब्द दिलेला. लेक फोनवर म्हणाली, "आई, हा काय सत्कार आहे? अॅक्टिव्ह म्हणजे कॉम्प्युटर जिथून जागा होतो तो कप्पा. पुन्हा छोट्यालाच अॅक्टिव्ह कर." दुरुस्तीचा पेनड्राइव्ह लावून ती सांगेल ते एकेक अक्षर टाइप केलं. तीनदा चुकले, डोळे शिणले. अखेर स्क्रीन उजळली आणि हे बोलले, "बुद्धं सरणं गच्छामि," खोकल्यासकट. सव्वाबारा झालेले. पौर्णिमेच्या उपोसथाला मी बारानंतर जेवत नाही. वंदना मोबाइलमध्ये घेतली, भाकरी झाकलेलीच ठेवली आणि एसटी धरायला निघाले.