मेरितचं पाऊल

"वाचा आता," म्हणत मालकांनी दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीचं झाकण उचललं. आत कापडात गुंडाळलेलं, काळवंडलेलं ममीचं एक छोटं पाऊल होतं आणि शेजारी लाकडी पाटी.

सुलक्षणा पाटीवर वाकली. प्राचीन इजिप्तची चित्रलिपी ती हौसेने शिकत होती, म्हणून नवऱ्याच्या कंपनीच्या मालकांनी दोघांना मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. पाहुणे ग्लास घेऊन भोवती जमले. पाटीवरच्या पक्ष्यांची तोंडं उजवीकडे होती, म्हणून तिने उजवीकडून वाचायला सुरुवात केली.

"मेरित नावाची मुलगी आहे. तिच्या आईने लिहवून घेतलंय, की माझ्या लेकीला तिकडे भाकरी आणि बियर मिळत राहो."

"म्हणजे राजकन्या ना?" मालकांनी विचारलं.

"नाही. साध्या घरातली आहे."

"हात्तिच्या. मग बियर तरी पाजू बिचारीला," म्हणत त्यांनी आपला ग्लास पावलावर कलता केला. फेस त्या जुन्या कापडात जिरला. सगळे खो खो हसले. सुलक्षणाने नवऱ्याकडे पाहिलं. तोही हसत होता.

ती न जेवताच बाहेर पडली. नवरा मागोमाग फाटकापर्यंत आला.

"साहेबांनी गंमत केली गं. मेलेल्या पायाचं काय एवढं? आत चल, सॉरी म्हण."

त्याच्या तोंडाला बियरचा वास येत होता. त्याने तिचा हात धरला. तिला शिसारी आली. तिने हात सोडवून घेतला आणि पदराला पुसला.

"तू जेवून घे," ती म्हणाली, "मी आईकडे जाते."