वाळूतलं बोरनहाण

मंगळावर बोरीचं झाड तगलंच नव्हतं, म्हणून चार वर्षांच्या मुक्ताच्या बोरनहाणाला रानटी हॉथॉर्नची लाल फळं होती. घुमटाखालच्या विषारी वाळूत ही काटेरी झुडपं तिच्या आईने, शाल्मलीने, वाढवली होती. त्या वाळूतलं आजवर कुणी काही खाल्लं नव्हतं.

"मुलं उचलून खाणारच गं," सासूबाई म्हणाल्या. "तपासलीयस ना नीट?"

"परत परत, आई. मुळं विष फोडून टाकतात."

फळं मुक्ताच्या डोक्यावरून ओघळली. पोरं तुटून पडली. मुक्ताने एक थेट तोंडात टाकलं. शाल्मलीचा हात अडवायला उठला, पण ती एवढंच म्हणाली, "बी थुंकून टाक."

सासूबाईंनीही एक चावून पाहिलं.

"आंबट आहे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पण आमच्या सुनेच्या वाळूतलं आहे."