उतरलो

टीव्हीवर धुराचा लोट दिसला आणि सासूबाईंच्या हातातला काचेचा पेला खाली पडून फुटला.

"अगं, तो आज तिकडेच गेलाय ना?"

बाळाला सफरचंदाचा गर भरवता भरवता तिने फोन पुढे केला. "आई, हे बघा. 'उतरलो.' मेसेज येऊनही गेला. पडलंय ते दुसरं विमान असणार."

सासूबाईंनी चष्मा पुसून तो एक शब्द दोनदा वाचला आणि देव्हाऱ्याकडे वळून हात जोडले. "देव पावला गं बाई."

तिचा नवरा सहवैमानिक. बाळ झाल्यापासून तिने प्रत्येक उड्डाणाचा धसका घेतला होता. उतरल्याचा मेसेज यायला जरा उशीर झाला की ती थेट कंपनीत फोन लावायची. कप्तान त्यावरून त्याची टर उडवायचे. मागच्या खेपेला तो मेसेज करायचा विसरला, तेव्हा ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

आज दुपारी बूट घालता घालता तो म्हणाला होता, "अगं, उतरताना कप्तानांचं लक्ष बाहेर असतं. उंचीचे आकडे मी वाचून दाखवायचे असतात. मी आकडे वाचू की तुला मेसेज करू?"

"दोन्ही कर."

"बरं बाई! आज तक्रारीला जागाच ठेवत नाही." त्याने बाळाच्या नाकाला नाक घासलं आणि निघाला.

तिने त्याला फोन लावला. बंद होता. "कामात असेल," ती म्हणाली. बाळाचं तोंड पुसलं, फरशीवरच्या काचा वेचल्या. परत लावला. बंदच.

तासाभराने बेल वाजली. दारात कंपनीचे दोघं जण उभे होते. त्यातल्या वयस्कर अधिकाऱ्याने टोपी काढून हातात घेतली.

"वहिनी, जरा बसता का?"

"अहो, पण तो सुखरूप आहे!" सासूबाई घाईघाईने पुढे आल्या. "उतरल्याचा मेसेज आलाय त्याचा."

अधिकारी गोंधळला. त्याने सोबत्याकडे पाहिलं. "आजी... विमान धावपट्टीपर्यंत पोचलंच नाही. चार बेचाळीसला अलीकडच्या टेकडीवर आदळलं. ढगात आपण किती खाली आलोय, ते बहुतेक कुणाच्या लक्षातच आलं नाही."

"काहीतरीच काय! अगं, दाखव ना त्यांना."

तिने फोन उघडला. 'उतरलो.' त्या शब्दाखाली बारीक आकड्यांत वेळ होती. ती तिने आत्ता पहिल्यांदा पाहिली.

चार एकेचाळीस.